फ्लॅट नंबर नसलेलं शहर: वर्षभरासाठी म्युनिकला येणाऱ्यांसाठी

म्युनिकमधल्या इमारतींत फ्लॅटला नंबर नसतात. असले तरी ते पत्त्यात लिहीत नाहीत. पत्ता म्हणजे रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, संपलं. पंचवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत पोस्टमन तुम्हाला शोधतो तो खालच्या टपालपेटीवरच्या आडनावावरून. तिथे आडनाव नसेल तर तो शेजारी विचारत बसत नाही, पाकीट परत पाठवतो.

मला हे कळायला तीन आठवडे लागले. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं आणि बदलायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. बँकेने पाठवलेलं कार्ड परत गेलं. दोन दिवसांनी वेगळ्या पाकिटातून आलेला पिनही परत गेला. मग बँकेला संशय आला की या पत्त्यावर हा माणूस राहतच नाही, आणि खातं थांबलं. पगार जमा व्हायला दहा दिवस उरले होते. शेवटी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं आणि सगळं नव्याने सुरू केलं.

तेव्हा म्युनिकमधली पहिली पायरी ना भाषा, ना घर, ना भारतीय दुकान. पहिली पायरी म्हणजे टपालपेटीवर आणि बेलच्या बटणाशेजारी स्वतःचं आडनाव. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. आपल्याकडे लग्नानंतरही पासपोर्टवर माहेरचं आडनाव असणं आता नवलाचं नाही, आणि त्या नावाने येणाऱ्या पाकिटांचीही तीच गत होते.

हा लेख मुख्यतः कंपनीने वर्ष-दोन वर्षांसाठी पाठवलेल्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या जोडीदारांसाठी आहे. शिकायला येणाऱ्यांचं गणित थोडं निराळं असतं, पण पेटीवरचं नाव त्यांनाही चुकत नाही.

निघण्याआधी

बॅग भरताना घरात जो वाद होतो त्याचा निकाल आधीच सांगतो: तूप आणायचं नाही. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दूध किंवा मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ता, आंबे, हिरव्या मिरच्या यांनाही रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे व्यवहारात नाहीच. नारळ, केळी, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे. गोडा मसाला, मेतकूट, कोकम, भाजणी, लसणाची कोरडी चटणी, चिवडा बिनधास्त आणा. तुपाची सोय इथे आहे, ती पुढे सांगतो.

कुकर आणायचा तर स्टीलचा आणा. इंडक्शनची शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही आणि काचेच्या साध्या शेगडीवरही सपाट बुडाचंच भांडं लागतं. आपली तीन पिनांची प्लग इथे बसत नाही. मिक्सर आणणार असाल तर अडॅप्टर चांगल्या प्रतीचा घ्या, चार्जरचा हलका अडॅप्टर मिक्सरला पुरत नाही. व्होल्टेज तेच आहे, त्याची चिंता नको.

कागदपत्रांत पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार, पदवी या नेहमीच्या गोष्टींबरोबर विवाहाचा दाखला मूळ प्रतीत हवा. तो मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर तिकडूनच करून आणा. कंपनी तुम्हाला भारतातल्या पगारपत्रकावर ठेवून पाठवत असेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणाऱ्या कव्हरेज प्रमाणपत्राची विचारणा करा. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार अशा कर्मचाऱ्याला ४८ महिन्यांपर्यंत इथल्या पेन्शनमध्ये दुहेरी वर्गणी भरावी लागत नाही. एचआरला हे माहीत असतंच असं नाही.

भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका आणि त्यावरचं आंतरराष्ट्रीय रोमिंग विमानात बसण्याआधी सुरू करून घ्या. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार आहेत. इथे आल्यावर रोमिंग सुरू करायला जो ओटीपी लागतो तोही त्याच नंबरवर येतो, आणि मग माणूस भिंतीकडे बघत बसतो.

तारीख तुमच्या हातात असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध टाळा. ऑक्टोबरफेस्टचे, म्हणजे इथल्या बिअरच्या जत्रेचे, दोन आठवडे, नावात ऑक्टोबर असला तरी, बहुतांशी सप्टेंबरमध्ये येतात. त्या दिवसांत हॉटेलांचे दर ऐकून परत जावंसं वाटतं.

विमानतळावरून शहरात

विमानतळ शहराच्या ईशान्येला आहे. तिथून एस-१ आणि एस-८ अशा दोन लोकल सुटतात आणि दोन्ही साधारण पाऊण तासात मध्यवर्ती स्टेशनावर, म्हणजे हाउप्टबानहोफला आणतात. येताना कुठलीही पकडा. परत जाताना मात्र एस-१ जपून. नॉयफार्न या स्टेशनावर ही गाडी दुभंगते, मागचा भाग विमानतळाला जातो आणि पुढचा फ्रायझिंगला. पुढच्या डब्यात गाढ झोपलेला माणूस एका सुंदर जुन्या गावात उतरतो आणि त्याचं विमान निघून गेलेलं असतं.

स्टेशनावर फाटकं नाहीत, तिकीट कोणी बघत नाही, असं पहिल्या दिवशी वाटतं. बघतात. तपासनीस साध्या कपड्यांत असतो, शेजारी बसलेला असतो, आणि दंड ६० युरो. मशीनमधून काढलेलं कागदी तिकीट बऱ्याचदा चढण्याआधी छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. तिकीट आहे पण शिक्का नाही, तरी दंड तोच. नवखे सगळे इथेच सापडतात आणि ‘मला माहीत नव्हतं’ या वाक्याचा उपयोग होत नाही. विमानतळ पाचव्या झोनमध्ये येतो, तिकीट त्या हिशेबाने काढा.

राहायला सुरुवात झाली की डॉइचलांड-टिकेट घ्या. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. त्यात शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि देशभरातल्या प्रादेशिक रेल्वे येतात, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. हे महिन्याचं तिकीट आपोआप पुढे चालू राहतं. थांबवायचं तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावं लागतं. अकरा तारखेला आठवलं तर आणखी एक महिना भरायचा.

घर

भाड्याच्या बाबतीत जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर म्हणजे म्युनिक. कंपनीने पहिल्या एक-दोन महिन्यांची सोय केली असेल तर तिचा उपयोग आराम करायला नाही, घर शोधायला करा.

जाहिरात वाचायला शिका. ‘दोन खोल्या’ म्हणजे एक हॉल आणि एक बेडरूम; स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्यात मोजत नाहीत. म्हणजे आपला वन बीएचके. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं. ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, जिन्याची साफसफाई वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. घर न दाखवता, ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं सांगणारा मालक मालक नसतो.

वर्षभरासाठी सामानासकट घरच घ्या, भाडं जास्त पडलं तरी. रिकामं घर इथे खरोखर रिकामं असतं. स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, कारण आधीचा भाडेकरू दिवेसुद्धा घेऊन गेलेला असतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चोरी झाली असावी असंच मला वाटलं होतं.

आणि बुकिंग करण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा: तुम्ही ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ देणार का? नाव उच्चारायला पंधरा दिवस लागतात, पण कागद एका पानाचा आहे: हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहतो, खाली सही. हा कागद नसेल तर पुढचं सगळं अडतं. पर्यटकांना दिली जाणारी काही घरं तो देत नाहीत. मग स्वस्तात मिळालेलं घर महाग पडतं.

ताबा घेताना प्रत्येक भिंत, जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा, खिडकीची प्रत्येक कडी यांचे फोटो काढा आणि ताब्याच्या कागदावर ते लिहून घ्या. मालक घाईत असला तरी.

नोंदणी

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. हिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि काही महिन्यांनी तुम्हीही मराठी वाक्यात ‘आनमेल्डुंग झालं का?’ असं सहज विचारू लागाल. ते शहरातल्या कुठल्याही नागरी सुविधा कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरब्युरोत होतं. मुख्य कार्यालय रुपर्टश्ट्रासेवर, पॉची-श्ट्रासे या मेट्रो स्टेशनाजवळ आहे. त्याच्या लांबलचक नावाचं लघुरूप करून सगळे ‘का-फाउ-एर’ म्हणतात.

नुसतं जाऊन रांगेत उभं राहायचं नाही, टर्मिन घ्यायचा. टर्मिन म्हणजे ठरलेली वेळ. हा शब्द जर्मन भाषेचा पाया आहे. डॉक्टरकडे टर्मिन, न्हाव्याकडे टर्मिन, मित्राकडे कॉफी प्यायलाही जवळजवळ टर्मिनच. ऑनलाइन पाहिलं की पुढचे कित्येक दिवस भरलेले दिसतात. निराश होऊ नका, रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर परत दिसू लागतात. रोज चहा पिताना पान उघडून बघा. दोन आठवड्यांत टर्मिन नाहीच मिळाला तर प्रयत्न केल्याचे स्क्रीनशॉट ठेवा आणि मिळेल त्या पहिल्या वेळेला जा.

बरोबर न्यायचं ते पासपोर्ट, मालकाचा दाखला, भरलेला फॉर्म, कुटुंब असेल तर विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला. खिडकीमागच्या बाईंना इंग्रजी येत असलं तरी त्या बोलतीलच असं नाही. ‘गुटेन टाग’ने सुरुवात केलीत तर शक्यता वाढते.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. आपल्यातल्या बहुतेकांना त्याने फरक पडत नाही. पण वसईहून किंवा गोव्याहून आलेल्या कॅथलिक मंडळींनी हे जाणून असावं की तिथे कॅथलिक लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जातो, बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्यात आहे त्या राज्यात, प्राप्तिकराच्या ८ टक्के. लिहायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पगाराची पहिली स्लिप बघून दचकायला नको.

नावाची एक गंमत होते. आपल्या पासपोर्टवर ‘नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. इथे तो अख्खा ऐवज म्हणजे तुमचं पहिलं नाव. माझ्या विमा कार्डावर, बँकेच्या कार्डावर, इतकंच काय ग्रंथालयाच्या कार्डावरही वडील कायमचे विराजमान झाले आहेत. सुधारायला जाऊ नका. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच ठेवा, एका ठिकाणी वेगळं झालं की पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागतं.

नोंदणी झाली की पाच मिनिटांत एक साधा कागद हातात मिळतो. तो जपा, बँक, सिम, राहण्याचा परवाना सगळीकडे तोच मागतात. त्यानंतर पेटीत पाकिटं यायला लागतात. पहिलं महत्त्वाचं म्हणजे अकरा अंकी कर क्रमांक. तो पगार देणाऱ्या कार्यालयाला कळवला नाही तर कर सगळ्यात चढ्या दराने कापला जातो. मग येतं एक सरकारी दिसणारं पत्र: रेडिओ आणि दूरदर्शनसाठी महिना १८.३६ युरो भरा. आमच्याकडे टीव्हीच नाही, ही फसवणूक असणार, असं म्हणून निम्मे लोक ते फेकतात. फसवणूक नाही. टीव्ही असो वा नसो, दर घरामागे भरावं लागतं. एका घरात चार जण राहत असाल तर एकानेच भरायचं, बाकीच्या तिघांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

व्हिसावर शेवटची तारीख काय आहे ती पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरात घाला. राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज त्याआधी गेलेला हवा, आणि तिथेही टर्मिन लागतो.

पैसे, फोन, डॉक्टर

थोडी रोकड कायम खिशात ठेवा. इतक्या पुढारलेल्या देशात बेकरीवाला ‘फक्त रोख’ म्हणतो यावर विश्वास बसत नाही, विशेषतः चहाच्या टपरीवर क्यूआर कोड पाहून आलेल्या माणसाचा. फोनसाठी प्रीपेड घ्या. दुकानदार गोड बोलून २४ महिन्यांचा करार गळ्यात बांधतात. वर्षाने परत जाणाऱ्याने त्यावर सही करू नये. जिमचंही तेच.

आरोग्य विमा कामाच्या पहिल्या दिवसापासून असलाच पाहिजे. घराजवळ एक फॅमिली डॉक्टर, म्हणजे हाउसआर्ट्स्ट, आजारी पडण्याआधी शोधून ठेवा. ताप आला म्हणून गेलात तर तो बहुधा सांगेल: विश्रांती घ्या, चहा प्या. पिशवीभर गोळ्यांची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हा अपमान वाटतो, पण इथली पद्धत तीच आहे. साधी पॅरासिटॅमॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, औषधांच्या दुकानातच जावं लागतं. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती, चिठ्ठीसकट, बरोबर आणा. रात्री-अपरात्री डॉक्टर लागला पण जिवावरचं नसेल तर ११६११७. जिवावरचं असेल तर ११२.

रविवार

पहिल्या शनिवारी झोप काढून, संध्याकाळी फिरून, रात्री साडेआठला किराणा आणायला निघालात तर सोमवार सकाळपर्यंत घरात खायला काही नाही हे लक्षात येईल. दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. मॉल नाही, किराणा नाही, भाजी नाही. मुख्य स्टेशनावरची काही दुकानं आणि सकाळी थोडा वेळ बेकऱ्या, एवढाच आधार. हॉटेलं चालू असतात. सणाच्या सुट्ट्यांनाही हेच, आणि बायर्नमध्ये त्या भरपूर आहेत. १५ ऑगस्टलाही म्युनिकमध्ये सुट्टी असते, मेरीच्या स्वर्गारोहणाची. पहिल्या वर्षी मी क्षणभर भारावलो होतो.

रविवारचा दुसरा भाग म्हणजे शांतता. आल्यावर तिसऱ्याच रविवारी, सकाळी अकराला, मी भिंतीला फळी ठोकायला ड्रिल काढलं. दोन भोकं झाली आणि बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी, नीट विंचरलेले पांढरे केस, घरातही इस्त्रीचा शर्ट. त्या म्हणाल्या, ‘आज रविवार आहे.’ माझं जर्मन तेव्हा बेताचं. मला वाटलं ओळख करून घ्यायला आल्या. म्हटलं, ‘हो, हवा पण छान आहे.’ त्यांनी माझ्या हातातल्या ड्रिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच वाक्य जरा सावकाश म्हणाल्या. मग प्रकाश पडला. ती फळी आठवडाभर एका भोकावर तिरकी लटकत होती.

तर रविवारी ड्रिल, हातोडी नाही. रिकाम्या बाटल्या काचेसाठीच्या सार्वजनिक डब्यात टाकायला जायचं नाही, त्याचाही आवाज होतो. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. चटणीचा मिक्सर रविवारी दोन मिनिटं फिरवला तर कोणी पोलीस बोलावत नाही, पण मी तो शनिवारीच फिरवतो.

घरात वावरताना

खिडक्या इतक्या घट्ट बसतात की हवा हलत नाही. अंघोळीची वाफ, भाताची वाफ, वाळत घातलेले कपडे सगळं आतच राहतं आणि दोन महिन्यांत कपाटामागे काळी बुरशी दिसते. तिचा खर्च डिपॉझिटमधून जातो. उपाय स्थानिकच आहे: दिवसातून दोन-तीन वेळा, बाहेर बर्फ असला तरी, हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि जर्मन माणूस यावर सणावाराइतक्या गांभीर्याने बोलतो. दिवसभर खिडकी थोडीशी तिरकी उघडी ठेवणं उपयोगाचं नाही, त्याने भिंत थंड पडते आणि हीटिंगचं बिल वाढतं.

फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार लावा, एक्झॉस्ट चालू करा. धूर ओळखणारा अलार्म पॅसेजमध्ये आणि बेडरूममध्ये असतो. ठेचा भाजताना तो वाजला की सगळ्या इमारतीला तुमचा मेनू कळतो.

कचऱ्यासाठी अंगणात तीन प्रकारचे डबे असतात: कागदाचा निळा, ओल्या कचऱ्याचा तपकिरी, उरलेल्याचा काळा किंवा करडा. काच आणि प्लास्टिक बऱ्याच भागांत रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक डब्यांत नेऊन टाकावं लागतं. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन मात्र फेकू नका. बहुतेकांवर २५ सेंट अनामत घेतलेली असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात घातल्या की तेवढ्या पैशांची चिठ्ठी मिळते. खरं तर पाणी विकत घ्यायचंच कारण नाही. नळाचं पाणी आल्प्सच्या पायथ्याकडून, मुख्यतः मांगफाल खोऱ्यातून येतं आणि उत्तम असतं. क्षार जास्त आहेत, किटलीत पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरने जातो.

स्वयंपाकघर

तुपाला इथे बुटरश्माल्त्स म्हणतात आणि ते कुठल्याही सुपरमार्केटमध्ये लोण्याच्या आसपास सापडतं. चव अगदी घरच्यासारखी नाही, पण वरणभातावर चालतं. क्वार्क नावाचं जे पांढरं घट्ट दही मिळतं तो जवळजवळ चक्काच. रात्रभर फडक्यात टांगून ठेवा, साखर, वेलची, केशर घाला, श्रीखंड तयार. गुढीपाडव्याला ऑफिसात नेलं तर जर्मन सहकारी वाटी चाटूनपुसून विचारतात की हे क्वार्कचं केलंय यावर विश्वास कसा ठेवायचा.

पिठाच्या पाकिटावर आकडे असतात. ४०५ म्हणजे मैदा, पोळ्यांना नको. १०५० घेऊन त्यात पूर्ण गव्हाचं पीठ मिसळलं तर पोळी मऊ होते. नाहीतर भारतीय दुकानातली कणीक आहेच. स्टेशनाच्या दक्षिणेला गोएथेश्ट्रासे आणि लांडवेअरश्ट्रासेच्या परिसरात तुर्की आणि अरबी दुकानं आहेत. कोथिंबिरीची भली मोठी जुडी, भेंडी, वांगी, पुदिना, तिखट मिरच्या तिथून घ्या. सुपरमार्केटमध्ये जी कोथिंबीर दिसते ती बऱ्याचदा कोथिंबीर नसते. पार्सली असते. हुबेहूब तशीच दिसते, वास घेऊन बघा. मी एकदा पातेलंभर पोह्यांवर पार्सली पेरली आहे. खाल्ले आम्ही, पण कोणी काही बोललं नाही.

माणसं

लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत, छोट्या दुकानात शिरताना ‘ग्रुस गॉट’ म्हणायचं. शब्दशः देवाचंच नाव आहे, आपल्या ‘रामराम’सारखं, भाविक असण्याशी संबंध नाही. जेवणाच्या वेळी ऑफिसच्या पॅसेजमध्ये लोक एकमेकांना ‘माल्त्साइट’ म्हणतात. उलट ‘माल्त्साइट’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. मराठी माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही, इंग्रजीतून विचार करणारेच इथे अडखळतात. अनोळखी मोठ्या माणसाला झी. तो आपणहून ‘डू’ म्हणू या असं सुचवेपर्यंत झीच.

इथले लोक थंड आहेत असं पहिल्या महिन्यात प्रत्येक जण घरी फोनवर सांगतो. मीही सांगितलं. ट्रेनमध्ये एकटक बघतात, शेजारी बोलत नाहीत, लाल दिव्याला रिकाम्या रस्त्यावर उभे राहतात आणि तुम्ही ओलांडलात तर कपाळाला आठ्या घालतात. सायकलच्या पट्ट्यात चुकून चाललात तर घंटी आणि वर दोन शब्द. पण डिसेंबरमध्ये मला फ्लू झाला तेव्हा त्याच ‘आज रविवार आहे’वाल्या आजींनी दाराच्या मुठीला सूपचा डबा अडकवून ठेवला होता. बेल वाजवली नाही. दुपारची वेळ होती ना.

जोडीदाराबद्दल एक गोष्ट मनापासून. नोकरी करणाऱ्याला ऑफिस असतं, सहकारी असतात. बरोबर आलेला माणूस चार भिंतींत आणि नोव्हेंबरच्या धुक्यात असतो, आणि सूर्य डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत मावळतो. म्युनिकच्या फोक्सहोखशूलेत, म्हणजे नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षण केंद्रात, जर्मनचे वर्ग परवडणाऱ्या फीमध्ये चालतात. पहिल्याच महिन्यात नाव घाला. भाषा किती येते हा पुढचा प्रश्न, आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडायला कारण मिळतं. मराठी मंडळाचा गणपती, दिवाळी असते, तिथे जा. फक्त सगळे शनिवार-रविवार तिथेच घालवू नका.

जाकीट आणि बूट भारतातून आणू नका, इथेच घ्या. आणि ज्या दिवशी दक्षिणेकडून उबदार कोरडा वारा सुटतो, ज्याला फ्योन म्हणतात, त्या दिवशी आल्प्स अगदी शहराच्या वेशीवर आल्यासारखे दिसतात. निम्मं ऑफिस डोकं दुखतंय म्हणून सांगतं. तुमचं दुखत नसेल तर टेगर्नझेची गाडी पकडा, डॉइचलांड-टिकेटवर चालते.

परत निघताना

घर सोडायची नोटीस साधारण तीन महिने आधी द्यायची, कागदावर, सही करून. ईमेल चालत नाही. दहा तारखेआधी डॉइचलांड-टिकेट थांबवा. देश सोडताना नोंदणी रद्द करावी लागते, ती जाण्याआधी एक आठवड्यापासून करता येते. त्याचा जो कागद मिळतो त्याच्यावरच रेडिओची वर्गणी, विमा, इंटरनेट सगळं बंद होतं, म्हणून त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. नंतर येणारी पत्रं पुढे पाठवायची सोय पोस्टाकडे पैसे भरून करता येते. इथल्या एखाद्या मित्राच्या पत्त्यावर वळवणं सोपं, फक्त त्याच्या पेटीवर तुमचं आडनाव आहे ना ते आधी बघा.

बँकेचं खातं मात्र बंद करू नका. डिपॉझिट परत यायला काही महिने लागतात. शिवाय वर्षाच्या मध्ये आलेल्या किंवा गेलेल्या माणसाचा कर बहुधा जास्त कापलेला असतो. विवरणपत्र भरायला चार वर्षांची मुदत असते, ते भारतातून ऑनलाइन भरता येतं, आणि परतावा त्याच खात्यात सहज जमा होतो.